वाफेचं इंजिन आणि खान्देशातलं ऊन : तुमचे प्रश्न

प्रश्न (जळगावहून एक रिटायर्ड काका) : गच्चीवर ४५ मिमीचा (दोन रुळांमधलं अंतर) छोटा ट्रॅक टाकलाय, गॅसवर चालणारं वाफेचं छोटं मॉडेल इंजिन मुलाने बाहेरून आणून दिलं. हिवाळ्यात मस्त पळायचं. एप्रिल लागल्यापासून सेफ्टी व्हॉल्व्ह सारखा उडतो, आणि एक राउंड झाल्यावर दुसऱ्यांदा गॅस भरायला गेलो की टाकीत जातच नाही, सगळा बाहेर फुसफुसतो. इंजिन बिघडलं का?

उत्तर : नाही काका, इंजिन ठणठणीत आहे, ऊन आपलं आहे. ही इंजिनं बनतात थंड देशात, त्यांच्या पुस्तकात लिहिलेलं असतं की गॅस गार पडला, आच मंदावली की टाकीला कोमट पाणी द्या. आपल्याकडे सगळं उलटं. यात भरायचा गॅस म्हणजे ब्युटेन, ते शून्य अंशाच्या आसपासच उकळतं, म्हणजे २० अंशांना बंद टाकीत त्याचा दाब बाहेरच्या हवेच्या साधारण दुप्पट असतो आणि ४५ अंशांना चौपटीच्या वर जातो. मग तुम्ही हिवाळ्यात गॅसची चावी जेवढी उघडत होता तेवढीच आता उघडली तर आच मोठी होणार, वाफ भराभर होणार आणि व्हॉल्व्ह उडणार, तो त्याचं काम करतोय हो. चावी कमी करा, बर्नरचा आवाज गुरगुरण्याऐवजी हलकासा घुमला पाहिजे. पण व्हॉल्व्ह आवळून ठेवायचा उद्योग चुकूनही करू नका, मी एकाला करताना बघितलंय, त्या दिवशी मी चहा न पिताच निघालो.

आता गॅस भरण्याचं. गॅसचा डबा उलटा धरून आपण भरतो तेव्हा डब्यातला दाब टाकीपेक्षा जास्त असला तरच लिक्विड टाकीत उतरतं, आणि नुकतंच चाललेलं इंजिन तापलेलं असतं, त्याची टाकीही तापते, मग डबा आणि टाकी बरोबरीला येतात किंवा टाकीच वरचढ होते. म्हणून इंजिन पूर्ण विझवून सावलीत वीस-पंचवीस मिनिटं गार होऊ द्या, टाकीवर ओलं फडकं ठेवा, मग भरा. डबा उन्हात ठेवून तापवायची आयडिया डोक्यात आणू नका. आसपास विडी, काडेपेटी, दुसरं चालू इंजिन काही नको. डबा साध्या ब्युटेनचा घ्या, लायटरमध्ये भरतात तो, प्रोपेन मिसळलेला थंडीसाठी असतो. आणि घरच्या सिलेंडरमधून भरायचा विचार असेल तर तो इथेच सोडा.

एक अजून, गॅस भरताना पाणीही भराच. गॅसची टाकी मुद्दाम एवढीच केलेली असते की पाण्याआधी गॅस संपावा. नुसता गॅसच परत भरत बसलात तर बॉयलर कोरडा पडेल. आणि खरं सांगू का, मे महिन्यात सकाळी सातच्या आत चालवा, नाहीतर दिवस मावळल्यावर.

प्रश्न (अमळनेर) : बोअरचं पाणी गाळून टाकलं तर चालेल का?

उत्तर : गाळून क्षार जात नाहीत भाऊ. माठाच्या बाहेर पांढरा थर धरतो ना, तोच बॉयलरच्या आत धरणार, फक्त तिथे आपला हात पोचत नाही. आरओचं बोअरपेक्षा बरं पण थोडे क्षार त्यातही राहतातच. पहिले दोन पाऊस पत्रे धुऊन गेले की नंतरचं पाणी कॅनमध्ये साठवा, झाकून ठेवा. एसीच्या नळीचं पाणीही चालतं, स्वच्छ फडक्यातून गाळून.

प्रश्न (चोपडा, केळीबागेवाले) : घरामागे काळ्या मातीवर ट्रॅक टाकला, पावसाळ्यानंतर लाइन वाकडीतिकडी झाली.

उत्तर : होणारच, काळी माती पाण्यानं फुगते आणि उन्हात भेगाळते, तिच्यावर घरं तडकतात तिथे तुमची लाइन काय! वरची माती काढून मुरूम भरा, दाबा, त्यावर सिमेंटचे ब्लॉक बसवा आणि गवंड्याची लेव्हल पाइप लावून सगळं एका पातळीत आणा, कारण रिमोट नसलेलं इंजिन उतारावर सुसाट सुटतं आणि चढावर दम टाकतं. पितळी रूळ असतील तर सांध्यात फट ठेवा. १० मीटर लांबीला ४० अंशांच्या फरकाने साधारण साडेसात मिमी वाढ होते, ती कुठे जाणार? रूळ फुगून बाजूला वाकतो.

प्रश्न (पाचोरा) : लहानपणी पीजेत (पाचोरा-जामनेर छोट्या रेल्वेत) बसलोय, तशीच गाडी करायचीय. गेज, म्हणजे रुळांमधलं अंतर, कोणता?

उत्तर : काय भो, आठवण काढलीत! पाचोरा-जामनेर अडीच फुटी होती, ७६२ मिमी. ४५ मिमीच्या रुळावर बसवायची तर प्रमाण जवळपास १:१७ पडतं, म्हणजे खऱ्या गाडीच्या सतराव्या हिश्श्याएवढं. तयार मिळणारी बरीच इंजिनं १:१९ची असतात, ती ३२ मिमी रुळावर दोन फुटी गाड्यांसाठी, आपल्या माथेरानसारख्या. पण त्यातली बरीच ४५ मिमीच्या चाकांवरही मिळतात, पीजेला तीच घ्या, मापात थोडा फरक पडेल तो पडू द्या. डबे मात्र घरीच करा, प्लायचे.