फलक राहू द्या, धक्क्यावर माणूस उभा करा

प्रश्न : आमचा कयाकिंग करणाऱ्यांचा, म्हणजे कयाक ही छोटी, अरुंद होडी वल्हवणाऱ्यांचा गट आहे. ‘तलाव वाचवा’ असे मोठे फलक आम्ही लावले, पत्रकं वाटली. लोक वाचतात, मान डोलावतात आणि पुन्हा तसंच वागतात. काय करावं?

उत्तर : तुमची तळमळ पोहोचते आहे, पण ती अवेळी पोहोचते. पाण्यात उतरायच्या घाईत कुणी फलक वाचत नाही. वाचलाच, तरी ‘तलाव वाचवा’ म्हणजे आपण नेमकं काय करायचं, हे त्याला कळत नाही.

म्हणून एकच काम निवडा. मी पाण्यातून बाहेर पडतानाचं निवडेन. कयाक उपडी केली की आतून भळाभळा पाणी येतं. सगळे तिथेच थांबतात. तिला तशीच तिरकी धरून ठेवा, सीटखाली साचलेलं पाणीही येऊ द्या. मग पट्ट्यांच्या बकलांत बोट घालून बघा, पाणवनस्पतीचा हिरवा धागा हमखास सापडतो. झेब्रा शिंपले हे नव्या तलावात शिरून झपाट्याने पसरणारे उपद्रवी जीव; त्यांच्या अळ्या नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. अशा उरलेल्या पाण्यातूनच त्या दुसऱ्या तलावात जातात. न्यूझीलंडमध्ये २००४ साली डिडिमो हे असंच पसरणारं शेवाळ सापडलं, तेव्हा तिथे लोकांना तीनच शब्द दिले गेले : तपासा, धुवा, वाळवा. नदीवरून परतणाऱ्या दमलेल्या माणसाच्याही लक्षात राहतील एवढेच.

हे सांगायला धक्क्यावर माणूस हवा, तोही कयाक चालवणाराच. मी स्वतः स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली पोहणं, शिकवते, त्यामुळे याबद्दल मला फार ठामपणे वाटतं. सेंट लुसिया या कॅरिबियन बेटावर अशा डायव्हर्सचा अभ्यास झाला, तो २००४ साली प्रसिद्ध झाला. बोटीवर एका वाक्यात दिलेल्या सूचनेने प्रवाळाला होणारे स्पर्श कमी झाले नाहीत. पाण्यात गाइडने तिथल्या तिथे खुणावलं तेव्हा झाले. इजिप्तच्या रास मोहम्मद या सागरी उद्यानामध्ये मात्र आधी सविस्तर माहिती दिली, मग पाण्यात नेऊन जिवंत प्रवाळ कुठलं आणि नुसता खडक कुठला हे दाखवलं. तिथे स्पर्श एक तृतीयांशाच्याही खाली आले. दाखवण्यात केवढी ताकद आहे बघा!

फलक ठेवायचेच असतील तर ‘इथे सगळेच कचरा टाकतात’ असं चुकूनही लिहू नका. अमेरिकेत ॲरिझोनातल्या पेट्रिफाइड फॉरेस्ट या राष्ट्रीय उद्यानात ‘आधीच्या अनेकांनी अश्मीभूत (दगड झालेलं) लाकूड नेलं’ असा फलक लावून पाहिला, तर साध्या विनंतीच्या फलकापेक्षा चोरी जास्त झाली. सगळेच करतात म्हटल्यावर माणूस निर्धास्त होतो.

आणि पत्रकं किती वाटली ते मोजत बसू नका. पुढच्या रविवारी कुणालाही काही न सांगता एकाला धक्क्यावर बसवा. किती जण कयाक रिकामी करून, पुसून नेतात ते टिपायला सांगा. मग महिनाभर माणूस उभा करा आणि पुन्हा मोजा. आकडा हलला नाही, तर कयाक वाळत ठेवायला स्टँड आहे का, धुवायला नळ जवळ आहे का, ते आधी बघा.