मोठ्यांविना अडकलेली मुले खरोखर रानटी होतात का?

मोठी माणसे सोबत नसताना मुले कुठे अडकली, तर ती ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ या कादंबरीतल्यासारखी एकमेकांच्या जिवावर उठतील का आणि म्हणून मुलाला शाळेच्या शिबिराला पाठवणे टाळावे का, असे आपण विचारले आहे. शिबिराचे आपण ठरवा. पहिल्या प्रश्नावर मात्र मला बोलायचेच आहे, कारण आमच्या घरात हा वाद २००५ च्या महापुरापासून मिटलेला नाही.

आमचे घर शिरोळ तालुक्यात, नदीकाठी. पाणी चढू लागले तेव्हा आजीला आधीच जयसिंगपूरला हलवले होते, आणि घरातली मोठी माणसे म्हशी माळावर पोचवून लगेच परतणार होती. पण मधला ओढा भरला, रस्ता पाण्याखाली गेला आणि माडीवर आम्ही चुलत भावंडेच उरलो. सर्वांत थोरली अक्का, वय तेरा. तिने आधी काडेपेटी पत्र्याच्या डब्यात घालून उंचावर ठेवली, मग घागरी पागोळ्यांखाली लावल्या, कारण चहूकडे पाणीच पाणी असले तरी त्यातले पिण्याजोगे काहीच नव्हते. शेंगा आणि गूळ तिने स्वतः वाटला, धाकट्यांना आधी. दादाने गुळाचा खडा लपवला तेव्हा तिने त्याला मारले नाही. जिन्याच्या तोंडाशी बसवले आणि पाणी जिथवर चढेल तिथे भिंतीवर कोळशाने रेघ ओढायचे काम दिले. तो फुरंगटून बसला, पण रेघा नेमाने ओढत राहिला, आणि पाणी शेवटच्या रेघेखाली गेल्याचे त्यानेच ओरडून सांगितले.

पुढे काका गुऱ्हाळाच्या काहिलीतून, म्हणजे उसाचा रस आटवायच्या मोठ्या कढईतून, आम्हाला न्यायला आले (पुरात काहिलीची नाव करणे आमच्याकडे नवे नाही) आणि त्यांनी पाठ थोपटली ती दादाची. आजही दिवाळीच्या फराळाला ते सांगतात की, माझा वचक होता म्हणून पोरे नीट राहिली. वचकाने घागरी भरत नाहीत. अक्का एरवीही रोज पाणी भरत होती, धाकट्यांना भरवत होती. माडीवर तिने तेच केले.

हे एकट्या आमच्या घरचे नाही. १९६५ मध्ये प्रशांत महासागरातल्या टोंगा या बेटांच्या देशात एकाच निवासी शाळेतली सहा मुले मासेमारीची नाव घेऊन पळाली आणि वादळात सापडून अटा नावाच्या निर्मनुष्य बेटाला लागली. पंधरा महिन्यांनी, १९६६ मध्ये, पीटर वॉर्नर या ऑस्ट्रेलियन कप्तानाला ती धडधाकट सापडली. त्यांनी कामाच्या पाळ्या लावल्या होत्या, पोखरलेल्या खोडांत पावसाचे पाणी साठवले होते, विस्तव विझू दिला नव्हता. भांडण झाले की दोघांनी राग निवेपर्यंत वेगळे राहायचे, असा त्यांचा नियम होता. एकाचा पाय मोडला, तोही त्यांनी काठ्या बांधून बसवला. मे २०२३ मध्ये कोलंबियाच्या जंगलात विमान कोसळून त्यातली सगळी मोठी माणसे गेली. तिथे चार भावंडे चाळीस दिवस जगली, ती विमानातल्या कसाव्याच्या (ज्या कंदापासून साबुदाणा करतात त्याच्या) पिठावर आणि तेरा वर्षांच्या थोरल्या बहिणीला असलेल्या रानफळांच्या माहितीवर. तिथेही काका नव्हते.

म्हणून मुलाला धाक दाखवण्यापेक्षा चूल पेटवायला, भात लावायला, धाकट्याला सांभाळायला शिकवा, आणि मुलीने हे केले तर श्रेय तिच्या भावाला देऊ नका.

एवढे मात्र मान्य केले पाहिजे की या तिन्ही ठिकाणी मुले एकमेकांना आधीपासून ओळखत होती आणि संख्येने थोडी होती. अनोळखी मुलांचा मोठा घोळका असेल आणि अन्न तुटपुंजे असेल, तर काय होईल याची हमी मी देणार नाही. तेव्हा शिबिराच्या बाबतीत शिक्षक किती कडक आहेत हे विचारण्याआधी, मुलाच्या तंबूत त्याच्या ओळखीचे कोण असेल, ते विचारून घ्या.