मुंबई–लंडन विमानाला किती तास लागतात? बेळगावजवळच्या खानापूरहून जाणाऱ्यानं वेळ कसा धरावा?

तुमचा प्रश्न असा, की लेकीकडं लंडनला जायचंय, मुंबईहून अंतर किती, आणि तिकिटावर दुपारी १ ला सुटून संध्याकाळी ६.३० ला उतरणारं विमान साडेपाच तासांत कसं काय पोहोचतं?

नाही पोहोचत हो. तिकिटावर दोन्ही वेळा त्या-त्या गावच्या घड्याळाच्या असतात. उन्हाळ्यात लंडन आपल्या साडेचार तास मागं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ते लोक घड्याळ तासभर मागं घेतात, मग मार्चअखेरपर्यंत साडेपाच तास. म्हणजे उन्हाळ्यात तिथले ६.३० हे आपले रात्रीचे ११. प्रवास झाला दहा तासांचा.

अंतर साधारण ७,२०० किमी, पण ते पृथ्वीच्या गोलावर मोजलेलं सर्वांत जवळचं. विमान त्याहून जास्तच उडतं. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं हवाई हद्द बंद केल्यावर भारतीय कंपन्यांच्या विमानांचा वळसा आणखी वाढला. येताना मात्र वेळ वाचतो, कारण वर उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडं जोराचा वारा असतो आणि तो पाठीशी येतो. साधारण तासभर तरी कमी धरा.

खरी मेख आपल्या बाजूला आहे. बेळगाव ते मुंबई रस्त्यानं जेमतेम ५०० किमी, पण स्लीपर बसला दहा तास सहज जातात. म्हणजे ७,२०० किमीला जेवढा वेळ, तेवढाच याला! त्यात सातारा–कागल सहापदरीकरणाचं काम निघाल्यापासून बसवाला सांगतो त्या वेळेवर मी तरी विसंबत नाही. रात्रीची बस धरून सकाळी मुंबईत उतरायचं आणि दुपारचंच विमान घ्यायचं, हे बरं. विमानतळावर तीन तास आधी पोहोचायला लागतं, ते विसरू नका.

सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरून, मुंबईचं विमान मिळालं तर रस्त्याची दगदग वाचते. पण दोन्ही तिकिटं एकत्रच काढा. वेगवेगळी काढलीत आणि पावसाळी ढगांमुळं सांबऱ्याचं विमान रखडलं, तर पुढची कंपनी थांबत नाही आणि पैसेही बुडतात. मुंबईत बॅगा परत घेऊन पुन्हा द्याव्या लागतात ते वेगळंच. वेगळी तिकिटं काढावीच लागली, तर मध्ये सहा तास तरी ठेवा.

आणि लेकीसाठी कुंदा बांधणार असाल तर राहू दे. भारतातून दुधाचे पदार्थ सोबत न्यायला ब्रिटनमध्ये मनाई आहे, आणि कुंदा म्हणजे निव्वळ दूध की!

एकूण हिशेब: खानापुरातून संध्याकाळी ७ ला निघालात तर हीथ्रोला उतरेपर्यंत २८ तास. पुढं पासपोर्टची रांग, मग बॅगा. लेकीला साडेसातच्या आधी विमानतळावर बोलावू नका.