लालबागहून कॅलगरी, आणि कापलेली थ्री नॉट थ्री

तू विचारलंयस: मार्चमध्ये कॅलगरीला येतोयस, एनसीसीत कवायतीला उचललेली थ्री नॉट थ्री, म्हणजे .३०३ रायफल, इथे शिकारीसाठी कापलेली, जुनी, स्वस्तात मिळते म्हणे. ती घेऊन नीट करायला किती लागतील, आणि मुंबईहून काय आणू?

आधी शेवटचं. काहीही आणू नकोस. मी निघताना आठवण म्हणून एक रिकामं काडतूस बॅगेच्या कप्प्यात टाकलं होतं. एक्स-रेत दिसलं आणि पुढचे दोन तास मी जबाब देत होतो, आई बाहेर काचेला नाक लावून उभी. आपल्याकडे .३०३ हा निषिद्ध बोअर, म्हणजे नळीचं हे माप सामान्यांना बंद. म्हणून तर ईशापूरचा कारखाना त्याच घडणीची .३१५ सामान्यांसाठी बनवायचा.

इथे आधी सेफ्टी कोर्स, परीक्षा, मग पीएएल, म्हणजे बंदूक बाळगायच्या लायसनचा अर्ज. पहिल्यांदा अर्ज करणाऱ्याला किमान २८ दिवस थांबावंच लागतं. रायफल रिकामी आणि कुलूपबंद ठेवायची. रूममेट्स असतील तर त्यांना घर घेतानाच सांग.

आता रायफल. माझी टोरंटोजवळच्या लाँग ब्रँच कारखान्यातली, ली-एनफिल्ड नं. ४ मार्क १* मॉडेलची, १९४३ची. युद्धानंतर अशा ढिगाने विकल्या गेल्या आणि लोकांनी पुढचं लाकूड कापून हरणं मारायला हलक्या केल्या. मी ३०० डॉलरला घेतली, त्यावर ७० खर्चले. कापलेलं लाकूड परत जोडून मूळ लष्करी रूप आणायच्या फंदात पडू नकोस. सुटे भाग गोळा करता करता रायफलीच्या दुप्पट पैसे जातात, आणि नळीही आखूड केलेली असेल तर सगळंच वाया.

पैसे देण्यापूर्वी तीन गोष्टी बघ. बोल्टवरचा (मागेपुढे सरकून काडतूस आत ढकलणारा दांडा) आणि बॉडीवरचा नंबर एकच आहे ना. मार्क १*मध्ये बोल्टहेड, म्हणजे बोल्टचं पुढचं सुटं टोक, बाहेर काढायला पट्टीत एक खाच असते, तिची कड तुटलेली नको. तुटली असेल तर बोल्टहेड रुळावरून घसरल्यासारखं उडतं. तिसरं हेडस्पेस, म्हणजे बोल्टच्या तोंडापासून नळीच्या मागच्या काठापर्यंतची फट. बोल्ट ०.०६४ इंचाच्या गेजवर (मापाच्या ठोकळ्यावर) बंद व्हायला हवा, ०.०७४च्या गेजवर नको. हे गनस्मिथकडूनच तपासून घे, इथे कंजूषपणा नको. ही फट जुळवायला नं. ४ची बोल्टहेड ० ते ३ अशा चार मापांत येतात, पण ३ नंबरचं आता दुर्मीळ आणि महाग. नळीत गोळीला फिरकी देणाऱ्या दोनच खाचा दिसल्या तर दचकू नकोस. युद्धकाळात घाईने तशाच बनवायचे, आणि त्या नेमही चांगला धरतात.

दस्ता काढताना मी फसलो. आत दस्ता धरून ठेवणारा लांब स्क्रू असतो, त्याच्या डोक्यावर एक बोळा ठासलेला. मला माहीत नव्हतं. पेचकस घसरला आणि आतलं लाकूड कुरतडलं. आधी हुकाने बोळा ओढून काढ.

लाकूड घासायची घाई करू नकोस, पॉलिशपेपरने लाकडावरचे जुने शिक्के जातात. खड्ड्यावर ओलं फडकं ठेवून गरम इस्त्री टेकव, वाफेने दबलेले तंतू फुगून वर येतात. माझ्या दस्त्यावरचा करंगळीएवढा खड्डा चार वेळांत जवळजवळ बुजला. गंजावर तेल आणि अगदी बारीक, चार शून्यांची स्टीलवूल, हलक्या हाताने. नवं ब्लूइंग, म्हणजे लोखंडाला रसायनाने काळा रंग, करू नकोस, जुना काळसर रंगच शोभतो. जुनी लष्करी काडतुसं वापरलीस तर त्याच संध्याकाळी नळी गरम पाण्याने धू. त्यांच्या प्रायमरमधून, म्हणजे बुडातल्या ठिणगी देणाऱ्या टोपीतून, क्षार उरतो, नुसत्या तेलाने जात नाही. दादर चौपाटीजवळच्या खिडक्यांचे गज आठव.

शेवटी बेलतेल, म्हणजे जवसाचं. इथल्या हार्डवेअरच्या दुकानात बॉइल्ड लिनसीड ऑइल म्हणून मागायचं. तळहाताने अगदी पातळ हात, एक दिवस वाळू दे, मग पुढचा. आणि तेलाच्या चिंध्या चुरगळून कोपऱ्यात टाकू नकोस, आपोआप पेटतात. बाहेर एकेक पसरून वाळव, मगच कचऱ्यात.