दगडामागचं पाणी

प्रिय मैत्रिणी,

तुम्ही लिहिता: 'चौदा महिन्यांपूर्वी माझा धाकटा भाऊ गेला. मी इंग्रजी शिकवते. पुढच्या आठवड्यात वर्गात टेनिसनची ओढ्यावरची कविता घ्यायची आहे. माणसं येतात, माणसं जातात, मी मात्र वाहतच राहतो, असं ओढा म्हणतो, तिथे माझा गळा दाटतो आणि संतापही येतो. घरचे म्हणतात, आयुष्य म्हणजे वाहतं पाणी, आता पुढे जा. मी एकाच जागी अडकलेय. माझं काही चुकतंय का?'

नाही हो, काहीच चुकत नाही. तुमचा राग तर मला रास्तच वाटतो. त्या ओळीत ओढा म्हणजे माणसाचं आयुष्य नाहीच मुळी. ओढा राहतो आणि माणसं जातात, हेच तर तिथलं दुखणं आहे. 'पुढे चला' हा उपदेश आपण मागाहून चिकटवला.

बरेचदा ओढ्याच्या तोंडची कडवी तेवढी वेगळी काढून शिकवली जातात, म्हणून हेही सांगते. १८५५ साली प्रसिद्ध झालेली मूळ कविता बरीच लांब आहे. लॉरेन्स नावाचा माणूस कुंपणापाशी बसून वीस वर्षांपूर्वीचे दिवस आठवतो आहे. याच ओढ्याकाठी त्याने भावाचा, एडमंडचा, निरोप घेतला होता. एडमंड कवी होता. तो दूर फ्लॉरेन्समध्ये कायमचा विसावला. ओढ्याची ती खळाळती कडवी एडमंडने लिहिलेली आहेत. लॉरेन्स थोडं बोलतो, मग भावाचं एक कडवं म्हणतो, पुन्हा बोलतो. तुमचा गळा जिथे दाटतो, ती ओळ गेलेल्या भावाची आहे आणि मागे राहिलेला भाऊ ती म्हणतो आहे. तुम्ही अगदी योग्य जागी थांबलात.

आता अडकण्याबद्दल. मी एकदा ओढ्यातल्या एका दगडाकडे बराच वेळ बघत बसले होते. दोन्ही बाजूंनी पाणी जोरात निघून जात होतं, पण दगडाच्या मागच्या अंगाला ते वळून उलटं, वरच्या दिशेला येत होतं. एक वाळकं पान तिथे गोल गोल फिरत होतं. मधेच काठाकडे जायचं, परत आत यायचं. प्रवाहात असा मोठा दगड आला की त्याच्यामागे पाणी असं फिरतंच. तेही ओढ्याचंच पाणी. तुमच्यापुढे केवढा दगड आला आहे!

पाऊस थांबून महिने लोटले तरी काही ओढे वाहत असतात, तेही आठवा. ते पाणी जमिनीतून झिरपत येतं. कधीतरी पडलेला, खोल मुरलेला जुना पाऊस असतो तो, काही ठिकाणी तर कित्येक वर्षांपूर्वीचा. कवितेतला प्रवाह मला अशा वेळी खरा वाटतो. तुमच्या भावाचं तुमच्यात जे मुरलं आहे, ते असंच येत राहील, आणि त्यासाठी त्याला मागे टाकायची गरज नाही.

वर्गात मुलांना लॉरेन्स आणि एडमंडची गोष्ट आधी सांगा. गळा दाटला तर थांबा आणि पुढचं कडवं एखाद्या मुलीला वाचायला द्या. मुलांना कळतं. अजिबातच जमणार नसेल तर हा तास सहकाऱ्याला घ्यायला सांगा, त्यात कमीपणा नाही. घरच्यांना 'मला त्याच्याबद्दल बोलायचंय' एवढंच म्हणा. त्यांचंही माणूस गेलं आहे, कदाचित भीतीपोटीच ते घाई करत असतील. आणि झोप, जेवण, रोजची कामं आठवडेच्या आठवडे बिघडली असतील तर समुपदेशकाकडे जरूर जा.

तुमच्या पत्रात भाऊ कसा होता, हे कुठेच नाही. काय बोलायचा, कशावर हसायचा? पुढच्या पत्रात तेवढंच लिहा. मला वाचायचं आहे.

तुमची,
ताई