‘कळवळा’ आणि ‘दया’

प्रश्न असा आला आहे: ‘मंडळीच्या (म्हणजे चर्चच्या) पत्रकात “गरीब व पीडितांवर कळवळा करा” असे छापायचे आहे. हे बरोबर आहे, की “दया करा” म्हणावे?’

‘कळवळा करा’ चूक आहे. कळवळा करता येत नाही. तो येतो, वाटतो किंवा असतो. आणि तो कुणा‘वर’ नसतो, कुणा‘चा’ येतो, कुणा‘विषयी’ असतो. दया मात्र येतेही आणि करताही येते.

हा भेद बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या १०व्या अध्यायात, चांगल्या शोमरोन्याच्या (शोमरोन प्रांतातल्या माणसाच्या) दाखल्यात, लख्ख दिसतो. वाटेत अर्धमेल्या पडलेल्या माणसाला याजकाने (मंदिरातल्या पुरोहिताने) पाहिले, लेव्याने (मंदिराच्या सेवकाने) पाहिले आणि दोघे बाजूने निघून गेले. शोमरोन्यानेही पाहिलेच, पण ३३व्या ओवीत (म्हणजे वचनात) त्याला ‘कळवळा आला’. पुढे ३७व्या ओवीत ‘शेजारी कोण ठरला?’ याचे उत्तर येते ते ‘दया करणारा’ असे. कळवळा आत येतो, दया हातांनी होते. ३४ आणि ३५व्या ओव्यांत सगळी क्रियापदेच आहेत: जवळ गेला, जखमांवर तेल व द्राक्षारस ओतून त्या बांधल्या, स्वतःच्या जनावरावर बसवले, उतारशाळेत नेऊन सांभाळ केला, दुसऱ्या दिवशी दोन दिनार मोजले, वर लागेल ते परतताना देईन म्हणाला. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २०व्या अध्यायात मळ्यातल्या मजुराचा रोज एक दिनार ठरतो, म्हणजे ही दोन दिवसांची मजुरी झाली.

ग्रीकमध्येही हे शब्द वेगळेच आहेत. दयेला ‘एलेऑस’. कळवळ्याचे क्रियापद मात्र ‘स्प्लांख्ना’पासून, म्हणजे काळीज-आतड्यांपासून झाले आहे. नव्या करारात ते १२ वेळा येते, तेही फक्त मत्तय, मार्क आणि लूक यांत. आणि येशूविषयी किंवा त्याच्या दाखल्यांतल्या माणसांविषयीच. हिब्रूत ‘रहमीम’ म्हणजे करुणा आणि ‘रेहेम’ म्हणजे गर्भाशय. आपल्याकडे आतडे तुटते, पोटात कालवते, पोटदुखीने मूल कळवळते. म्हणून इथे ‘कळवळा’ हा शब्द मला अगदी नेमका वाटतो. तुकोबांनीही लेकराच्या हिताची काळजी वाहणाऱ्या माउलीबद्दल म्हटले आहे, ‘ऐसी कळवळ्याची जाति । करी लाभावीण प्रीति’, आणि लगेच पुढे ‘पोटीं भार वाहे’. रहमीमचा अर्थ मराठीत आधीपासून नांदत होता!

‘पीडित’ही बदलावा असे सुचवतो. मत्तय ९:३६मध्ये लोकसमुदाय ‘गांजलेले व पांगलेले’ आहेत. ‘पीडित’ म्हटले की आज पूरग्रस्तांची यादी किंवा पोलिसांचा पंचनामा आठवतो. ‘गांजलेले’ म्हटले की कुणीतरी गांजणारा आहे हेही ऐकू येते. सावकार, ठेकेदार, नवरा, कोणीही. अन्यायाची बाजू वाक्यात राहायला हवी.

इतर शब्द जपून वापरावेत. ‘कीव’मध्ये वरून पाहणे आहे. ‘अनुकंपा’ म्हटले की वडिलांच्या जागी मिळणारी सरकारी नोकरी डोळ्यांपुढे येते. ‘कळवळा’लाही एक धोका आहे: बातम्यांत ‘गरिबांचा कळवळा’ बहुधा खोटा असतो. शब्द एकटा सोडला की तो तसाच वाचला जातो. शेजारी ठोस कृती ठेवली की सरळ होतो. याकोबाच्या पत्रातला दुसरा अध्याय हेच बजावतो: उघड्या, उपाशी भावाला ‘ऊब घे, तृप्त हो’ म्हणून काही न देता पाठवले तर उपयोग काय?

नाव देतानाही हे पाहावे. १८९६-९७च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून मुली आणि विधवा केडगावला आणल्या. तिथे शाळा, शेती, विणकाम, छापखाना उभा राहिला, आणि त्या जागेचे नाव ‘मुक्ती’. देणाऱ्याचा चांगुलपणा त्या नावात कुठेच नाही; येणारीला काय मिळणार ते आहे. त्याच बाईंनी पुढे हिब्रू-ग्रीक शिकून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल उतरवले.

तेव्हा पत्रकात ‘गोरगरिबांना मदतीचा हात द्या’ असले गुळगुळीत काही नको. तारीख, वस्तू, माप घालून असे लिहावे:

‘गांजलेल्यांचा आपल्याला कळवळा आहे. म्हणून या रविवारी प्रत्येक घरातून दोन किलो तांदूळ आणि अर्धा किलो तूरडाळ आणावी. मजुरी अडकलेल्यांचे अर्ज लिहून देण्यासाठी उपासनेनंतर दोघे जण बसतील.’