कच्ची पानं फाडू नकोस

पत्र थोडक्यात असं. गोव्यातल्या साखळीजवळच्या गावातली मुलगी, बारावी शास्त्र शाखेत, अजून अठरा पूर्ण नाहीत. मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायची, म्हणजे इलस्ट्रेटर व्हायचं, असं तिनं ठरवलंय. 'माझी स्वतःची स्टाईलच नाही, सगळं ॲनिमेसारखं येतं. एक चित्र जमायला पंधरा कागद लागतात, ते फाडून टाकते. बाबा म्हणतात, चित्रांवर घर चालत नाही. त्यांचं ऐकू का?' सोबत अकरा फोटो.

तुझी अकराही चित्रं पाहिली. त्यातली दहा नीट रंगवलेली, इन्स्टावर टाकायला तयार. मोठाले डोळे, वाऱ्यावर उडणारे केस, मागे गुलाबी आभाळ. हात चांगला आहे, पण ती मुलगी साखळीची की जपानातल्या ओसाकाची, हे काही कळत नाही. अकरावा फोटो बहुतेक चुकून आला असावा. गणिताच्या वहीचं मागचं पान, त्यावर पेनानं काढलेली चवथीची माटोळी, गणपतीच्या वर फळं-पानं टांगतात ती चौकट. सुपारीचा घोस तीनदा काढलायस, दोनदा खोडलायस. कवंडळाच्या फळाला बाण काढून लिहिलंयस, 'खालून बघितलं तर जास्त लाल'. आणि कोपऱ्यात मान वर करून बघणारी आजी, गळ्याच्या ताणलेल्या शिरेसकट. बाकीची दहा चित्रं मी पाच मिनिटांत उलटली. या एका पानावर चहा थंड झाला.

म्हणून तुझ्या प्रश्नाआधी माझा प्रश्न. ती फाडलेली पंधरा पानं कुठे आहेत?

प्रकाशक एक सुंदर चित्र विकत घेत नाही, तो पुस्तक करून घेतो. चित्रपुस्तकं बहुधा २४ किंवा ३२ पानांची असतात, कारण मोठा कागद छापून, घडी घालून आठ-सोळा पानांचे फर्मे होतात. त्या सगळ्या पानांवर तुझी आजी आजीच दिसली पाहिजे. पाठमोरी, वाकलेली, पायरीवर बसून सुपारी सोलणारी. कला संपादक आधी पत्त्याच्या पानाएवढी कच्ची चित्रं मागतात, अख्खं पुस्तक एका कागदावर. मग पेन्सिलीचं रफ. तिथे दुरुस्त्या येतात: आजीचा चेहरा नेमका दोन पानांच्या शिवणीत गेला, हिला डावीकडे घे. रंग सगळ्यात शेवटी. (तेव्हा कळतं की मोबाईलवर झगझगणारा तो गुलाबी छापल्यावर मळकट येतो. छपाईच्या चार शाईंत तो बसतच नाही.) जिला पहिलं पक्कं चित्रच दाखवायची सवय आहे, ती 'दुसरा पर्याय दाखव' म्हटल्यावर रडकुंडीला येते. अशा मुली मी पाहिल्यात.

ॲनिमेची नक्कल केलीस त्यात पाप नाही, सगळे कुणाची तरी नक्कल करतच शिकतात. फक्त आपल्या घरातलीही थोडी कर. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर, अर्ध्या महाराष्ट्राच्या दिवाळी अंकांची मुखपृष्ठं ज्यांनी रंगवली, ते दोघेही मूळचे गोव्याचे. जुने अंक मिळाले तर शेजारी ठेवून बघ, सही झाकली तरी कुठलं कुणाचं ते ओळखता येतं. आणि व्यंगचित्रकार मारियो मिरांडा. चित्रकलेचं रीतसर शिक्षण न घेतलेला हा माणूस तरुणपणी रोजची डायरी चित्रांत लिहायचा: गावचे पाद्री, लग्नं, शेजारणी, कुत्री. त्या डायऱ्या पुढे पुस्तकरूपानं निघाल्या. पणजीला पाटोवरच्या राज्य ग्रंथालयात एक दिवस काढ आणि मारियोंचं जे मिळेल ते बघ.

कॉलेजबद्दल फार घोळ घालू नकोस. पणजीत आल्तिनोवरचं गोवा कला महाविद्यालय आहे, साखळीहून बसनं जाऊन-येऊन करता येतं. तिथे पेंटिंगपेक्षा अप्लाईड आर्टकडे बघ. अक्षरं, मांडणी, छपाई हे पुस्तकवाल्याला लागतंच. आयआयटीच्या डिझाईनसाठी यूसीड ही प्रवेशपरीक्षा देता येते, कुठल्याही शाखेची बारावी चालते, पण ती लागोपाठ दोनच वर्षं देता येते, हे धरून चाल. तिथेही हातानं काढायचा भाग आहे. शास्त्र शाखा वाया गेली असं घरात कुणी म्हणालं तर त्यांना ते कवंडळ दाखव.

आता बाबा. तू ओझरतं लिहिलंयस की त्यांचा खाणीवर ट्रक होता. ज्या माणसानं २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी बंद पडून चालता ट्रक दारात उभा राहिलेला बघितलाय, त्याला 'कामं मिळत जातील' हे वाक्य ऐकवू नकोस. त्यांची भीती खरी आहे. नुसत्या पुस्तकांच्या चित्रांवर सुरुवातीची वर्षं भागत नाहीत. बरेच जण नोकरी, जाहिरातीची कामं, चित्रांचे वर्ग असं सांभाळून पुस्तकं करतात. मारियोंनीही आधी जाहिरातीच्या स्टुडिओत नोकरी केली होती.

उलट बाबांना कामाला लाव. तुझ्या पत्राच्या शेवटी, जणू किरकोळ गोष्ट असावी तशी, ती कॅफेची हकिकत आहे. 'नाव होईल' म्हणून मेनूसाठी चित्रं फुकट काढून घेतली आणि नंतर तीच टी-शर्टवर छापून विकली. पैसे दिले नाहीत, लेखी काही नाही, तर त्या चित्रांचा हक्क तुझाच आहे. कॉपीराइट कायद्यानं हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशीच द्यावा लागतो. त्यातही मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच. अठरा पूर्ण होईपर्यंत सही बाबांची लागेल. किती फेऱ्या झाल्या, किती टन गेलं, कुणाचं बिल अडकलं, हे ज्यांनी वर्षानुवर्षं वहीत मांडलं, त्यांना टी-शर्टचा हिशोब मागायला मी शिकवायची गरज नाही. कॅफेला पहिलं पत्र त्यांच्याकडूनच लिहून घे.

आणि पुढच्या महिन्यात मला फोटो पाठवशील तेव्हा आजीचे पाठव. सुपारी सोलताना, बारा वेगवेगळे. खोडलेलेही.